पुण्यतिथीची पंगत

अक्का कोयना एक्स्प्रेसनं पुण्यात उतरली तेव्हा तिच्या हातात भडंगाचा डबा होता आणि काखेत गुंडाळलेली सतरंजी. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. तिचं माहेर मिरज, सासरही मिरज. मी नोकरीसाठी पुण्यात आलो त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. ती मिरजेतच राहिली. यंदा तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, “पाचही दिवसांची भारतीय बैठकीची तिकिटं काढून ठेव. दोन काढ. तू येणार नसलास तर एक परत कर, मी एकटी जाते.”

मी गेली काही वर्षं महोत्सवाला जाणं सोडलं होतं. कारणं मला स्वतःला पटलेली होती. ती अक्काला पटवायला गेलो आणि बुधवार ते सोमवार आमचा वाद चालला. घरी, रिक्षात, मांडवात, मध्यंतरात चहाच्या रांगेत. डिसेंबर आला की पुण्यात राहणाऱ्या आणि पुण्यात येणाऱ्या अनेकांच्या मनात हाच वाद असतो, म्हणून तो इथे लिहून ठेवतो आहे.

•

“मला एवढंच सांग,” पहिल्या संध्याकाळी घरी परतताना अक्का म्हणाली, “तासाभराच्या अंतरावर एवढं गाणं असताना तू घरात बसून काय करतोस?”

“अक्का, मी ज्या महोत्सवाला जायचो तो रात्रीचा होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर व्हायचा. मग रमणबाग. रात्री जेवून निघायचं, शाल, कानटोपी, थर्मास घेऊन. मध्यरात्री मालकंस, दरबारी. दोन-तीन वाजता डोळे मिटायला लागायचे, शेजारचा अनोळखी माणूस त्याच्या थर्मासातला चहा पुढे करायचा. पहाटे ललत. उजाडता उजाडता भीमसेन बसायचे. बाहेर पडलो की दूधवाले सायकलवरून जाताना दिसायचे आणि वाटायचं, आपण एक अख्खी रात्र कमावली. आता रात्री दहाला माइक बंद. शनिवारी काय ती बारापर्यंत परवानगी. दहा वाजता घरी जाऊन झोपायचं असेल तर त्याला सवाई कसं म्हणायचं?”

“माइक बंद का झाला?”

“कायदा. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.”

“मग बरोबरच आहे की.”

“मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंतींना लावायचा नियम तंबोऱ्याला का लावायचा?”

“हे बघ, माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात आठ दिवस दवाखान्यात होत्या. खिडकीखाली रात्री दोनपर्यंत गाणी. भक्तिगीतंच होती, चांगली होती. त्या मला म्हणायच्या, देवाला सांग आता झोप म्हणून. आजारी माणसाला कुठलं गाणं चांगलं आणि कुठलं वाईट हे कळत नाही रे, त्याला झोप कळते. रमणबागेच्या आजूबाजूला पण घरं होती. तुम्ही रात्र कमवत होतात तेव्हा त्यांच्यातल्या कुणाची तरी जात असेल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, “मान्य. पण तोटा झाला हे तर खरं? रात्रीचे आणि पहाटेचे राग त्या व्यासपीठावरून गेले. ललत, भटियार, भैरव हे तिथे त्यांच्या वेळेला आता कुणी ऐकूच शकत नाही.”

“तोटा झाला,” अक्का लगेच म्हणाली. “ते मी कुठं नाही म्हणते? पण कुणाचा झाला ते बघ. तुझ्या त्या रात्री मला कधी मिळाल्या? लग्न झालं, दोन मुलं, सासू-सासरे, पहाटे पाचला दुधाचं पातेलं गॅसवर. ‘मी पुण्याला जाऊन रात्रभर गाणं ऐकून येते’ असं मी कुणाला म्हणणार होते? आमच्या गल्लीतून पुरुष जायचे, परत आल्यावर आठवडाभर सांगायचे, आणि मी भाजी निवडत ऐकायची. तुझी ती रात्र माझी कधीच नव्हती. माझा महोत्सव दुपारी सुरू व्हायला लागला तेव्हा सुरू झाला.”

रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला थांबली होती. चाळीस वर्षांत मी हा विचार एकदाही केला नव्हता, हे मला तिथे उमगलं.

•

गुरुवारी आम्ही दुपारी तीनलाच मुकुंदनगरला पोचलो. महोत्सव २०१८ पासून तिथल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. अक्कानं सतरंजी अंथरली ती मध्यभागी नाही, जरा बाजूला, जिथून व्यासपीठावरचे तंबोरे नीट दिसतील अशी. गायक यायच्या आधी तंबोरे जुळत होते. ती डोळे मिटून ऐकत होती.

“जवारी चांगली लागलीय,” ती पुटपुटली.

मिरजेच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सतारमेकर गल्लीत लहानपण गेलेल्या कुणालाही तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला तो रेशमाचा दोरा आणि त्यातून उमलणारा नाद ओळखता येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे महिनोन् महिने वाळवायचे, मग कापायचे, दांडी जोडायची, नक्षी करायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अक्कानं मला बातमीचं कात्रण पाठवलं होतं.

एका तरुण गायकानं मुलतानी सुरू केला. चार वाजून गेले होते. मांडवाच्या कडेनं तिरपं ऊन आत आलं होतं आणि माणसांच्या पाठींवर पडलं होतं. कोमल गंधारावर तो असा रेंगाळला की ते ऊन आणि तो सूर वेगळे काढता येईनात. मुलतानी मी भीमसेनांच्या ध्वनिमुद्रिकेवर शेकडो वेळा ऐकला आहे, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर. त्याच्या वेळेला, समोर बसून, कधी ऐकला होता ते आठवेना. त्यानंतरच्या गायिकेनं पूरिया धनाश्री घेतला आणि तो संपेपर्यंत बाहेर अंधारलं होतं.

मध्यंतरात मी अक्काला म्हणालो, “एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रात्रभराच्या महोत्सवात दुपारचे आणि मावळतीचे राग नव्हतेच. भीमपलास, पटदीप, मुलतानी, मारवा, श्री. सुरुवातच रात्रीच्या सुमारास, तर ते कोण गाणार?”

“म्हणजे पहाट गेली आणि दुपार आली.”

“हो. पण पहाट गेली ती गेलीच.”

“ती पण येईल. उघड्यावर नको. बंद सभागृहाला तो दहाचा नियम लागू नाही म्हणतोस ना? आणि सकाळी सहानंतर कुणी अडवलंय? तुम्ही पुण्यातली माणसं पहाटे उठून टेकडीवर जाता, मग गाण्याला का जात नाही?”

मी गप्प राहिलो. पुण्यात पहाटेच्या मैफली होतात. दिवाळीत तर पेठापेठांत होतात. मी जात नव्हतो.

•

शुक्रवारी सकाळ मोकळी होती. अक्कानं यादी आणली होती. बाहेरगावहून येणाऱ्याला ती अशी करावीच लागते, कारण परतीचं तिकीट ठरलेलं असतं. पुण्याच्या माणसाला वाटतं, पाताळेश्वर कुठे पळून जातंय! आठव्या शतकातलं ते लेणं जंगली महाराज रस्त्यावरच्या गर्दीपासून चार पावलांवर आहे आणि मी त्याच्यासमोरून रोज जात होतो. आम्ही आधी तिथे गेलो. एकाच दगडात कोरलेल्या गोल नंदीमंडपाभोवती अक्का दोनदा फिरली. मग राजा दिनकर केळकर संग्रहालय.

दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, कोरीव दरवाजे, बाहुल्या, वाद्यं असं घराघरांतून गोळा करत हजारो वस्तू जमवल्या. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारा हा माणूस. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी हे सगळं उभं केलं आणि शेवटी राज्याच्या हवाली केलं. वाद्यांच्या दालनात अक्का फार वेळ उभी राहिली.

बाहेर पडल्यावर उसाचा रस घेताना मी माझं दुसरं गाऱ्हाणं काढलं. “तू म्हणतेस गाणं सगळ्यांना मिळालं. पण काल पाहिलंस ना? अर्धी माणसं खाण्याच्या स्टॉलपाशी. कुणी फोटो काढतंय, कुणी गाणं चालू असताना फोनवर बोलतंय. आणि डिसेंबरमध्ये काय काय चालू असतं बघ. फर्ग्युसनला पुस्तक महोत्सव, भीमथडी जत्रा, जानेवारीत लगेच चित्रपट महोत्सव, वसंतोत्सव. माणसं एकीकडून दुसरीकडे पळतात. पाऊस थांबला, हवा कोरडी झाली, मोकळ्या मैदानावर मांडव घालता येतो, म्हणून सगळं या दोन महिन्यांत कोंबलं जातं. ज्यांना ऐकायचं आहे त्यांना ऐकू येत नाही.”

“थंडीत जत्रा आपल्याकडे आजच्या आहेत का? मार्गशीर्षात जेजुरीला चंपाषष्ठी, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दत्तजयंती. तिथं तरी काय, सगळे दर्शनालाच येतात? निम्मी माणसं पेढे आणि बासुंदी खायला येतात. देवाला चालतं ते तुझ्या गाण्याला का चालत नाही?”

“देवळात कुणी घुमटाचा आवाज ऐकायला बसत नाही, अक्का. इथे शांतता हाच अर्धा कार्यक्रम आहे. काल तो गायक खर्जात गेला तेव्हा मागे कुणाचा तरी फोन वाजला, तीनदा. त्याचा सूर हलला नाही, पण माझं लक्ष हललं.”

“ते चुकलंच त्या माणसाचं. फोन बंद ठेवायला सांगायला पाहिजे, सांगतात पण. पण तू फोनवाल्याचा राग भेळवाल्यावर का काढतोस? भेळवाला मांडवाबाहेर आहे.”

“आणि तिकीट? आपल्या मिरजेच्या उरुसात दर्ग्यात संगीत सभा होते. खाँसाहेब ज्या चिंचेखाली गायचे तिथे मोठमोठे कलाकार येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही, खुर्ची नाही. गाण्यावर जीव असेल तो येतो. तिथे मला बाजार वाटत नाही.”

अब्दुल करीम खाँ साहेब १९३७ मध्ये गेले आणि त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे शिष्य. भीमसेन, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे. पुण्यातला महोत्सव आणि मिरजेची सभा अशी एकाच वंशातली आहेत, एका पिढीच्या अंतरावर.

अक्कानं रसाचा पेला खाली ठेवला. “दर्ग्याचं खरं आहे. तिथं दार उघडंच असतं. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे आपण लहानपणापासून बघितलंय. पण तिकिटाला नावं ठेवू नकोस. हिराबाई बडोदेकर कुणाच्या?”

“खाँसाहेबांच्या कन्या.”

“आणि तिकीट लावून थिएटरात स्वतःचा जलसा करणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. त्याआधी बाईचं गाणं कुठं होतं? कुणाच्या तरी दिवाणखान्यात. ऐकणारे कोण, बोलावलेले. हिराबाईंनी नीटनेटकं नऊवारी नेसून, रंगमंचावर बसून, तिकीट लावलं आणि घरंदाज बायका थिएटरात यायला लागल्या. तिकीट काढलं की कुणाच्या ओळखीची गरज नाही, कुणाच्या मेहेरबानीची नाही. पैसे दिले, बसलो. माझ्यासारखीला दर्ग्याचं उघडं दार जितकं मोलाचं, तितकंच हे तिकीट मोलाचं आहे. दोन वेगळी दारं आहेत ती.”

“पण ज्याला तिकीट परवडत नाही त्याला?”

“त्याच्यासाठी दर्गा पाहिजे. म्हणून दोन्ही पाहिजेत.”

•

शनिवारी माझ्याकडे सगळ्यात भक्कम मुद्दा राहिला होता आणि तो मी मांडवातच, दोन कलाकारांच्या मधल्या वेळात मांडला.

“प्रत्येकाला तास-सव्वा तास. ख्याल एवढ्यात उलगडतो? विलंबित जरा कुठे पसरायला लागलं की घड्याळ बघून द्रुत. मग शेवटी एक भजन. श्रोत्यांना वाटतं, आपण राग ऐकला. खरं म्हणजे त्यांनी रागाचं दार ऐकलेलं असतं.”

“खाँसाहेबांच्या रेकॉर्डी किती मिनिटांच्या होत्या?”

“तीन-सव्वातीन मिनिटांच्या. पण ती रेकॉर्ड होती, अक्का. तो नाइलाज होता.”

“आणि भीमसेन घर सोडून का पळाले?”

मी हसलो, कारण ही गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती. गदगचा तो मुलगा. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि वयाच्या अकराव्या वर्षी असं गायला शिकवणारा गुरू शोधायला बाहेर पडला. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर अशी भटकंती करून शेवटी परत आला तो घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे.

“तीन मिनिटांनी तो मुलगा पळाला,” अक्का म्हणाली. “त्याला त्या तीन मिनिटांत ख्याल कळला असेल का? त्याला फक्त एवढं कळलं, की हे मला पाहिजे. मग त्यानं वर्षानुवर्षं घातली. त्यातून हा महोत्सव उभा राहिला. तू म्हणतोस तास कमी आहे. तुला कमी आहे. त्या पलीकडं बघ.”

पलीकडच्या रांगेत दहा-बारा वर्षांची एक मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपली होती की ऐकत होती, सांगता येत नव्हतं.

“अशी शंभर असतील. नव्याण्णव घरी जाऊन विसरतील,” मी म्हणालो.

“विसरू देत. खाँसाहेबांची ती रेकॉर्ड किती जणांनी ऐकली असेल? पळालं एकच पोर.”

मग मी थांबलो नाही. आत साठलेलं बोललो. “पण ते एक पोर पळाल्यावर पुढे त्याला कोण सांभाळणार, हाच माझा प्रश्न आहे. या मांडवात हजारो माणसं आहेत. पुढच्या महिन्यात एखाद्या छोट्या सभागृहात एखादा तिशीतला गायक दोन तास एकच राग गाईल, समोर चाळीस माणसं असतील, त्यातली दहा त्याच्या नात्यातली. हे मी पाहिलेलं आहे. तबलजीला मानधन देताना संयोजक स्वतःच्या खिशात हात घालतो. शहरानं डिसेंबरमध्ये भरपेट जेवायचं आणि मग वर्षभर कुणाकडे जेवायला जायचंच नाही, असं झालंय. महोत्सव मोठा झाला म्हणून बैठक लहान झाली, असं मला वाटतं. हे दुःख आहे, अक्का. हा नुसता राग नाही.”

या वेळी ती बराच वेळ बोलली नाही. व्यासपीठावर तंबोरे पुन्हा जुळायला लागले होते. गारवा वाढला की तारा उतरतात-चढतात, पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात.

“हे तुझं खरं आहे,” ती शेवटी म्हणाली. “याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या गल्लीत पण तसंच आहे. महोत्सवाच्या व्यासपीठावर तंबोरा दिसतो, पण तो घडवणाऱ्या कारागिराचं पोर आता दुसरं काम बघतं. पण हा दोष तू मांडवात बसलेल्या माणसांना देतोस. मी मिरजेहून येते. मी पुढच्या महिन्यात त्या छोट्या सभागृहात येऊ शकत नाही. माझी गाडी असते. तिथं यायचं काम कुणाचं?”

“पुण्यात राहणाऱ्याचं.”

“तूच बघ मग. पाहुणा वर्षातून एकदा येणार. घरच्यानं रोज दिवा लावायचा. तू दिवा लावणं सोडलंस आणि पाहुण्यावर रागावलास.”

•

रविवारी सत्र दुपारी बाराला सुरू झालं. गौड सारंग ऐकला. शेजारी जागा नव्हती, तरी दोन बायका आल्या, पिशव्या घेऊन, गावाकडच्या वाटत होत्या. अक्का काही न बोलता सरकली, सतरंजीची कड त्यांच्याकडे ढकलली. मीही सरकलो. गुडघे आखडून बसावं लागलं.

मध्यंतरात मी विचारलं, “तुला खरंच कधी वाटत नाही का, की इतकी गर्दी नको?”

“वाटतं की. पाय दुखतात. पण हे आहे काय, ते तू विसरतोस. तू याला महोत्सव म्हणतोस म्हणून तुला गर्दी खटकते. १९५३ साली पहिल्यांदा झालं तेव्हा हे काय होतं?”

“सवाई गंधर्वांची पुण्यतिथी. ते १९५२ मध्ये गेले. शिष्यांनी गुरूसाठी गायचं ठरवलं.”

“झालं तर. पुण्यतिथी. आपल्याकडे आबांच्या तिथीला कोण येतं? भटजी येतात, नातेवाईक येतात, आणि आबांनी ज्याला कधी शाळेची फी दिली होती असा कुणीतरी येतो, ज्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. आई काय करायची? कोण, कुठला, विचारायच्या आधी पान मांडायची. तिथीच्या दिवशी दाराशी आलेला माणूस जेवल्याशिवाय जायचा नाही, हा नियम. त्याला पंगतीत कसं बसायचं कळत नसलं तरी चालतं. तो मीठ कुठल्या बाजूला वाढायचं याची चर्चा करत नाही, तो जेवतो. केळकरांनी मुलाच्या आठवणीत घर भरलं आणि ते लोकांना उघडून दिलं. मिरजेची सभा खाँसाहेबांच्या आठवणीची. तुमचा वसंतोत्सव वसंतराव देशपांड्यांच्या आठवणीचा. आपल्या माणसांची ही सवय आहे. कुणी गेलं की त्याच्या नावानं पंगत घालायची. तू पंगतीत बसलेला जुना माणूस आहेस, तुला पदार्थ कळतात. म्हणून तू पुढचं पान आपलं समजू नकोस. तू वाढपी आहेस.”

“पण वाढताना चव बिघडू द्यायची नाही, हेही वाढप्याचंच काम ना?” मी म्हणालो. “फोन वाजला की सांगायचं. पोर कुजबुजलं की हळूच बोट ओठावर ठेवायचं. ख्याल संपायच्या आत कुणी उठून निघालं तर त्याला थांबवायचं.”

“हे म्हणालास ते बरं झालं,” अक्का म्हणाली. “असं घरच्या माणसासारखं बोल. रुसलेल्या पाहुण्यासारखं बोलू नकोस.”

संध्याकाळ झाली, रात्र झाली. मला गंगूबाई आठवल्या. त्या हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जायच्या. संसार सांभाळून, परतीच्या गाडीच्या वेळा सांभाळून. त्यांच्या गाण्याला कुठल्या तरी स्टेशनच्या घंटेची चौकट होती, तरी ते गाणं किती मोठं झालं. माझ्या शेजारी बसलेली माझी बहीणही उद्याच्या गाडीचा हिशोब करून आली होती. मला आयुष्यभर गाणं म्हणजे घड्याळ विसरणं वाटत आलं. घड्याळ सांभाळूनही गाणं पोटात उतरतं, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीनं सांगता झाली. व्यासपीठ रिकामं, दिवे तसेच, आणि जुन्या तबकडीच्या खरखरीतून येणारा तो आवाज. हजारो माणसं हलली नाहीत. खाण्याचे स्टॉल बंद झाले होते. ज्यांच्यावर मी चार दिवस रागावलो होतो तेही उभे होते, हातात चपला धरून.

•

सोमवारी पहाटे मी पाचला उठलो. अक्का उठलेलीच होती, सवयीनं स्वयंपाकघराकडे निघाली होती. मी तिला गॅलरीत बसवलं. चहा मी केला. शाल दिली. डिसेंबरची पहाट, समोरच्या इमारतींत अजून एकही दिवा नव्हता. आतल्या खोलीत ललत लावला, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात.

तिनं कप हातात धरला तो तसाच राहिला. कोमल रिषभ, दोन्ही मध्यम, आणि पुन्हा षड्जाकडे परत. आकाश हळूहळू फिकट होत होतं. अठ्ठावन्न-साठ वर्षं तिनं या वेळेला दूध तापवलं होतं, पाणी भरलं होतं, डबे केले होते. आज गॅसवर काही नव्हतं.

राग संपल्यावर ती म्हणाली, “तू म्हणत होतास ती पहाट ही होय.”

“हो.”

“मोठा तोटा आहे खरंच.” मग थोड्या वेळानं, “छोट्या सभागृहात सकाळची मैफल असली की जात जा. मला फोनवर सांगत जा काय ऐकलंस ते. आता मी भाजी निवडत ऐकणार नाही, बसून ऐकेन.”

मी कबूल केलं. पुढच्याच रविवारी एका तरुण गायिकेची सकाळची बैठक होती, तिची पत्रिका महिनाभर माझ्या टेबलावर पडून होती.

दुपारी स्टेशनवर भडंगाचा रिकामा डबा मी तिच्या हातात दिला. सतरंजी मात्र मी घरीच ठेवून घेतो म्हणालो, पुढच्या डिसेंबरसाठी.

“ठेव,” ती म्हणाली. “पण उरुसाला तू मिरजेला ये. चाळीस वर्षांत एकदा तरी सभेला आलायस का? तिथं तू पाहुणा. चिंचेखाली बस आणि मुकाट ऐक. जागा मी धरून ठेवते.”

गाडी सुटली. मी फलाटावर उभ्या उभ्याच उरुसाची तारीख शोधायला लागलो.